लालीबाईनं रडून शोधलेला पणजोबा

लालीबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रडत होती, आणि मला वाटलं घरातलं कोणीतरी गेलं.

१९५८ चा जून होता. केळापूरच्या अलीकडं बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर नवी शाळा निघाली होती आणि तिथला पहिला आणि एकुलता एक मास्तर म्हणून मी निघालो होतो. पेटी डोक्यावर घेऊन तांड्यात शिरलो, तर पहिल्याच घरापुढं दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, एकाच ओढणीखाली डोकी घालून रडत होत्या. साधं रडणं नाही. चांगलं सूर लावून, एकीनं सोडलं की दुसरीनं उचलायचं, असं. मी पेटी खाली ठेवली, टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिलो. पाचेक मिनिटांनी रडणं एकदम थांबलं. दोघींनी डोळे पुसले, एकीनं कमरेची तंबाखूची पिशवी सोडली, दुसरीनं चुलीवर चहा चढवला आणि दोघी हसून गप्पा मारायला लागल्या. मी टोपी हातात धरून तसाच उभा.

पुढं कळलं की लालीबाईची घाटंजीकडची बहीण चार महिन्यांनी भेटायला आली होती. बंजारा बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडून रडतात. त्या रडण्यात मधल्या काळात कोण गेलं, त्याआधी कोण गेलं, कोण कसं होतं, सगळं नावं घेऊन सांगतात. मेलेल्यांची आठवण काढून झाली की मग जिवंतांची विचारपूस. लालीबाई यात पट्टीची होती. तीन तांड्यांत तिच्यासारखं रडणारी नाही, असं लोक कौतुकानं म्हणायचे, आणि तीही ते मान डोलावून कबूल करायची.

मी भीमराज. पावणेदोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी, उकंडाजींनी, आणि मी नागपूरला जाऊन धम्म घेतला होता. त्यामुळं नव्या मास्तराला घरात घ्यावं की नाही यावर तांडा आठ दिवस विचार करत बसला. लालीबाईनं विचार केला नाही. दुसऱ्याच दिवशी मला हाक मारून ओसरीवर बसवलं, ज्वारीची गरम बाटी, म्हणजे आपली भाकर, आणि अंबाडीची भाजी वाढली. तांड्याचा नाईक उत्तमसिंग समोरून चालला होता. तो थबकला, तर त्याच्याकडं पाहून ही म्हणाली, "पाहून काय राह्यला, नाईक? तुले पन भूक लागली असन तं बस." नाईक बसला नाही, पण बोललाही नाही. त्या दिवसापासून मी तिच्या घरचा झालो. तिला मी याडी म्हणायचो, म्हणजे आई. माझी स्वतःची आई मथुराबाई एकदा तांड्यावर आली तेव्हा तिच्याही गळ्यात पडून लालीबाई रडली. माझ्या आईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण तिनंही मनापासून साथ दिली.

लालीबाई तेव्हा साठीला टेकलेली. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगा देवसिंग शेती करायचा, आणि देवसिंगची मुलगी जमनी म्हणजे म्हातारीचा जीव की प्राण. जमनी सोळा-सतरा वर्षांची, उंच, आणि आजीसारखीच फटकळ. एकोणसाठच्या दिवाळीनंतर तिची सगाई ठरली. मुलगा घाटंजीकडच्या तांड्यावरचा पूनमसिंग. घाटंजीच्या बाजारात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि पाहून झाल्यावर दोन बाजार उगाच केले होते, हे सगळ्या तांड्याला ठाऊक होतं. पूनमसिंगचा आजा भावसिंग स्वतः सगाईला आला. सत्तरीचा माणूस, पांढरं पागोटं, बोलणं मोजकं. मोठं घर होतं. लालीबाई हरखून गेली होती.

आणि तिथंच घोडं अडलं.

बंजाऱ्यांत राठोड, पवार, चव्हाण, जाधव अशी कुळं. एका कुळातले सगळे भाऊबहीण, त्यांच्यात लग्न नाही. म्हणून सगाईला दोन्हीकडच्या पिढ्या म्हणून घ्यायच्या, आणि ते काम ढाडीचं. ढाडी म्हणजे तांड्यातांड्यांतून फिरून वंशावळी तोंडपाठ म्हणणारा. भावसिंगचं घर पवारांचं. आमचा तांडा राठोडांचा. ढाडीनं सारंगी लावून पवार म्हटले, मग राठोड म्हटले. नाईक उत्तमसिंगचं घराणं आलं, त्याचे चुलते आले, पण देवसिंगचा पणजोबा हेमला कुठंच आला नाही. ढाडीला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "राठोडात हेमला नाई. म्या कवाच आयकला नाई."

देवसिंगचा चेहरा पडला. तेव्हा मग घरातली जुनी गोष्ट वर आली. हेमला या तांड्यात जन्मलेला नव्हता. तांडे एका जागी बसण्याआधी, बैलांवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे त्या काळात, तो पैनगंगेपलीकडून, मोगलाईतून, एकटा आलेला. कुठून, कोणाचा, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. त्याचा बैल राठोडांच्या रांगेत चालला, म्हणून लोक त्याला राठोड समजले. त्याचा मुलगा राठोड, नातू राठोड. खुद्द मी शाळेच्या रजिस्टरात देवसिंगच्या धाकट्या पोरांपुढं राठोड लिहिलं होतं, आणि देवसिंग आता तेच रजिस्टर पुरावा म्हणून मागायला लागला. मी त्याला म्हटलं, "देवसिंगभाऊ, तू सांगतलं तेच तर म्या लेहलं."

भावसिंग उठून म्हणाला, "मोगलाईत तवा आमचे पवारच जास्त हिंडत. हेमला पवार निघाला तं माह्या नातू तिचा भाऊ होते. होळीपावतर शोधा. सापडलं आन् जमलं, तं सोनं."

सापडलं नाही तर काय, हे तो बोलला नाही, पण सगळ्यांना कळलं. ज्या मुलीचं कूळ माहीत नाही तिला हा तांडाच काय, कोणताच तांडा करून घेणार नाही. जमनी दाराआड उभी राहून ऐकत होती.

मला त्या वयात कागदाचा फार भरवसा. मी एक कोरी वही घेतली, वर झोकात 'हेमलाचा शोध' लिहिलं आणि देवसिंगला घेऊन पांढरकवड्याच्या कचेरीत गेलो. मोडी वाचणारा एक म्हातारा कारकून भेटला. भला माणूस, त्यानं दोन दिवस आमच्यासाठी जुनी बाडं उलगडली. शेवटी सापडलं, 'हेमला बंजारा, राठोडांच्या तांड्यावरचा.' मी उड्या मारत परत आलो. ढाडी अजून तांड्यावरच होता. तो म्हणाला, "मास्तर, तुमी बी राठोडाच्या तांड्यावरचे हाय. राठोड हाय का?"

मी वही मिटली.

लालीबाई चुलीजवळ बसून हे सारं पाहत होती. ती म्हणाली, "राजूरले बिजलीबाई हाय. हेमलाच्या पोरीची पोरगी. लहानपनी आज्याजवळच वाढली थे. तिले मालूम असन."

"मंग याडी, आधी काहून नाई सांगतलं? उद्याच जाऊन इचारतो."

"इचारून नाई सांगत कोनी. रडा लागते. म्या येतो संग."

हे मला तेव्हा नीटसं कळलं नाही.

साठच्या जानेवारीत आम्ही मोटारीनं वणीला आणि तिथून पायी राजूरला गेलो. बिजलीबाईची दोन मुलं कोळशाच्या खाणीवर कामाला होती. अंगणात, भिंतींवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी, आणि त्यात मनगटापासून दंडापर्यंत पांढरे चुडे घातलेली पंचाहत्तरीची म्हातारी. लालीबाईला पाहताच तिनं हात पसरले. दोघी एका ओढणीखाली गेल्या.

गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, मला आता समजत होती. लालीबाईनं आधी आपल्या नवऱ्याला रडून घेतलं, मग सासऱ्याला, मग सासूला. बिजलीबाईनं आपल्या आईला. एकेक पिढी मागं जात होती. मी दाराशी पेन्सिल सरसावून बसलो होतो. मग लालीबाईचा सूर खाली आला. "हेमलाबापू, म्या तुमाले पाह्यलं नाई. तुमी कोनती नदी उतरून आलते, कोनं तुमाले एकलं धाडलं, माह्या जमनीले कोन सांगीन?" आणि बिजलीबाईनं सूर उचलला. "माह्या नाना, माह्या नाना, पैनगंगेच्या काठी..."

"काठावर कुठं? गावाचं नाव काय?" मी विचारलं. मोठ्यानं विचारलं, कारण रडण्यात ऐकू येणार नाही असं वाटलं.

रडणं तुटलं. ओढणी बाजूला झाली. बिजलीबाईनं माझ्याकडं पाहिलं, लालीबाईला विचारलं, "हा कोन?" आणि चहा ठेवायला उठली.

एका भेटीला एकच रडणं, आणि तुटलेलं रडणं परत जोडत नाहीत, हा त्यांचा नेम. चहा पिताना लालीबाईनं साध्या बोलण्यात विचारून पाहिलं. बिजलीबाई आपल्या या भावजयीला म्हणाली, "मले काई याद नाई, भोजाई." ती खोटं बोलत नव्हती. कोरड्या तोंडानं ती गेलेल्या माणसाचं नाव घेत नसे, आणि घेतलं तरी तिला काही आठवत नसे. त्या दिवशी मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचं फक्त बाकी ठेवलं.

वणीच्या मोटारस्टँडपर्यंत लालीबाई माझ्यापुढं झपाझप चालत राहिली. तिथं बसल्यावर म्हणाली, "मास्तर, शाळेत तुमी शिकवून राह्यले असले आन् एखादं पोट्टं मधात बोललं, तं काय करता?"

"छडी मारतो."

"हं," ती म्हणाली, आणि माझ्याकडं पाहून अशी हसली की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मला वाईट-साईट बोलायचा तिला पूर्ण हक्क होता. नातीचं लग्न पणाला लागलं होतं आणि मी मधेच तोंड घातलं होतं. ती हसली, याचे उपकार मी विसरलेलो नाही.

लगेच परत जाऊन उपयोग नव्हता. मधे पुरेसे दिवस गेले तरच ती नवी भेट. महिना जाऊ दिला. होळी पंधरा दिवसांवर आली. जमनी कामं सगळी करायची. भाकरी पुढ्यात घेऊन बसायची आणि तशीच ठेवून उठायची. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही पुन्हा राजूरला गेलो. या खेपेला लालीबाईनं वही घरीच ठेवायला लावली आणि मला अंगणात, भिंतीला पाठ लावून बसवलं. "तोंड मिटून," ती म्हणाली.

भिंतीपलीकडून बिजलीबाईनं जे म्हटलं ते मला आजही जवळजवळ शब्दशः येतं. "माह्या नाना, तुमाले मिसरूड फुटलं नोतं आन् पटकीनं धरलं. पवाराच्या तांड्यानं तुमाले पैनगंगेच्या त्या अंगाले पळसाखाली ठेवलं. एक मडकं पानी ठेवलं आन् बैल हाकलले. तुमी हाका मारल्या, कोनी वळलं नाई. दोन दिसानं राठोडाची गंगी पान्याले आली. तिचे लोक म्हनाले, हात लावू नोको, तांडा मरन. गंगी म्हने, तुमी जा, म्या बसतो. ते बसली म्हनून नवरा बसला, नवरा बसला म्हनून तांडा बसला. तिनं तुमाले तोंडानं पानी पाजलं. तुमी उठले आन् म्हनाले, ज्याईनं ठेवलं त्याईचं नाव या तोंडात येनार नाई. मरताना माह्या आजीच्या कानात सांगतलं, माह्या नाना, माह्या नाना."

घरात दोघी रडत होत्या आणि बाहेर कोळशाच्या ढिगाशी मीही. मला त्यात सूर वगैरे काही नव्हता.

पण कळलं ते वाईट होतं. हेमला पवार निघाला होता.

परतीच्या वाटेवर मी लालीबाईला समजावत राहिलो. हे तिघांनाच माहीत आहे. बिजलीबाई कोरड्या तोंडानं कोणाला सांगायची नाही. बाडात राठोडांचा तांडा, रजिस्टरात राठोड. गप्प बसलं की झालं. जमनीचं लग्न होऊन जाईल. मी फार कळवळून बोलत होतो आणि मला ते पटतही होतं.

लालीबाई म्हणाली, "बुढ्यानं जलमभर गिळलं, थो त्याचा राग होता. म्या गिळलं तं थे कपट होईन. जमनीले भावाच्या घरी धाडलं असं मले रोज वाटीन, मास्तर. सांगा लागते."

घरी येऊन तिनं आधी जमनीला सांगितलं. जमनीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादी, गंगी नसती तं आपन कोनीच नसतो ना?" "कोनीच नसतो," लालीबाई म्हणाली. "मंग सांग त्याईले," जमनी म्हणाली आणि घागर घेऊन पाण्याला गेली. विहिरीवर ती फार वेळ होती.

दोन दिवसांनी लालीबाई, देवसिंग, नाईक उत्तमसिंग आणि मी घाटंजीकडच्या त्या तांड्यावर गेलो. लिंबाखाली पंच बसले होते. पुरुषांच्या बैठकीत बाईनं उभं राहून बोलायची रीत नव्हती. लालीबाई उभी राहिली आणि पळसाखालचं मडकं, मारलेल्या हाका, गंगी, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आमचा बुढा तुमच्यातला निंगला. पोरगी तुमची बहीन होते. आमी सगाई वापस घेतो. तुमी बोलावलं, मान देल्ला, लय झालं." आणि खाली बसली.

एक पंच म्हणाला, "झालं तं मंग. रक्ताचा भाऊ, रक्ताची बहीन. प्रश्नच मिटला."

 भावसिंगनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाला, "त्या वक्ती तांड्याचा नाईक माह्या आजा होता." मग तो हळूहळू सांगायला लागला. आजा म्हातारपणी वेडसर झाला होता. कुठंही निघायचं म्हटलं, अगदी शेतात जायचं म्हटलं, तरी माणसं मोजायचा. मोजून झाली की पुन्हा मोजायचा. पोरं त्याला हसायची. भावसिंगही हसायचा. "तांड्यात लेकरं होती, म्हनून त्यानं ठेवलं असन. म्या त्याले नावं नाई ठेवत. पन त्याचं मोजनं कवा पुरं झालं नाई."

"थे काई असो," मघाचा पंच म्हणाला, "रक्त तं आपलंच हाय."

भावसिंग एकदम तापला. इतका वेळ दाबून धरलेला आवाज फुटला. "आपलं होतं तं पानी काहून नाई पाजलं? ठेवून आलो त्या दिशी थो आपला राह्यला नाई. जिनं उचलला तिचा झाला. आज त्याच्या घरची बाई हुबी राहून खरं बोलते, आन् आपन तिच्या नातीले बहीन म्हनाले चाललो? कोन्या तोंडानं?" मग नाईक उत्तमसिंगकडं वळून तो म्हणाला, "नाईक, तुमच्या लोकायनं उचलला. तुमी सांगा. कोनाचा हाय थो?"

उत्तमसिंग तसा जपून वागणारा माणूस. मला ओसरीवर पाहून थबकलेला तो हाच. सगळे त्याच्या तोंडाकडं पाहत होते. तो म्हणाला, "आमचा. राठोड हाय थो."

पंचांनी मान्य करायला वेळ लावला, चिलमी बऱ्याच झाल्या, पण मान्य केलं. देवसिंग बैलगाडीपाशी जाऊन तोंड फिरवून उभा राहिला. लालीबाईला पाणी मीच आणून दिलं.

लग्न वैशाखात झालं, महाराष्ट्र राज्य झालं त्याच महिन्यात. मांडवात ढाडी राठोडांच्या पिढ्या म्हणायला बसला. आता त्यात हेमला घालायचा होता. ढाडी सारंगी थांबवून म्हणाला, "हेमला, कोनाचा? बापाचं नाव सांगा. पवाराचं नाव राठोडात म्हनता येत नाई."

बापाचं नाव कोणालाच माहीत नव्हतं.

"गंगीचा म्हन," लालीबाई म्हणाली.

"पिढ्यात बाईचं नाव नाई येत. माह्या बापानं कवा म्हनलं नाई."

"तुह्या बापाले गंगी मालूम नोती. तुले झाली. म्हन."

ढाडीनं नाईकाकडं पाहिलं. नाईकानं मान हलवली. ढाडीनं सारंगी पुन्हा लावली, राठोडांच्या बारा-चौदा पुरुषांची नावं एकामागून एक घेतली, आणि मग जरा अडखळून, पण खणखणीत आवाजात म्हणाला, "गंगीचा हेमला."

समोर नवऱ्याकडची माणसं बसली होती. आधी भावसिंग उठून उभा राहिला. मग त्याचे मुलगे, मग पुतणे, मग सगळे पवार, बाया-माणसांसकट. ढाडी हेमलाचा मुलगा, त्याचा मुलगा, देवसिंग आणि जमनीपर्यंत येऊन थांबला तोवर त्यांच्यातलं कोणीही खाली बसलं नाही.

लालीबाई माझ्याशेजारी होती. ती मला म्हणाली, "तवा वळले नाई, आज उभे राह्यले, मास्तर." मी म्हटलं, "हो याडी, राह्यले."